वर मजला चढवायचा की पुढे शेड काढायचं? वडवणीतल्या एका घराचा हिशेब



मागच्या व्हिडिओत घर वाढवण्याचा विषय घेतला आणि शेवटची पाच मिनिटं आकडे नुसते बोर्डवर घाईत लिहिले. अनेकांनी सांगितलं, सर हे नीट लिहून द्या. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा, कारण तुमच्या घराचे आकडे तुम्हालाच भरायचे आहेत.

सुरुवात वडवणीच्या बॅचमधल्या एका ताईंपासून करतो. नाव लिहू नका म्हणाल्या, त्यामुळे नुसतं ताईच म्हणू. शिवणकाम करतात. मेन रोडच्या बाजूला २,५०० रुपये महिना भाड्याचा छोटा गाळा, त्यात दोन मशीन. लग्नसराईत तिसरी मशीन लावायला जागा नाही. घर स्वतःचं, म्हणजे सासऱ्यांच्या नावावरचं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर स्लॅब आणि पुढे अंगण. स्लॅबच्या चारही कोपऱ्यांत पुढच्या मजल्यासाठी सोडलेले गज बारा वर्षं आभाळाकडे बघत उभे. आपल्याकडे दर दुसऱ्या घरावर हे दृश्य दिसतं.

ब्लाउज शिवून शिवून ताईंनी १,६०,००० रुपये साठवले होते. आणि विचार काय? "सर, वर एक रूम टाकावी म्हणते. थोडं कर्ज काढू. भाडं पण येईल आणि घराची किंमत डबल होईल. शेजारचे म्हणत होते."

मी एकच विचारलं, "ताई, ही खोली कोणासाठी?"

"घरासाठी पण, भाड्यासाठी पण, आणि जमलंच तर मशीनसाठी पण."

इथंच गडबड आहे. एका खोलीची तीन उत्तरं आली म्हणजे खोली अजून ठरलेलीच नाही. घरच्यांसाठी खोली हवी असेल तर तिचं दार घरातून पाहिजे. भाडेकरूसाठी असेल तर जिना बाहेरून आणि संडास-बाथरूम वेगळं पाहिजे, नाहीतर कुठला शिक्षक किंवा बँकेतला माणूस तुमच्या स्वयंपाकघरातून रोज ये-जा करणार? आणि मशीनसाठी असेल तर ती खालीच पाहिजे. गिऱ्हाईक बाई, त्यातून वयस्कर, कडेवर पोर घेऊन ब्लाउजचं माप द्यायला जिना चढत नाही. या तीन वेगळ्या खोल्या आहेत, तिघींचा खर्च वेगळा, कमाईही वेगळी.

आता आकडे

दर गावागावात बदलतात. मी हिशेबापुरते धरतोय, तुम्ही तुमच्या मिस्त्रीचा दर टाका.

वरची खोली १२ बाय १५, म्हणजे १८० चौरस फूट. आरसीसी बांधकाम १,७०० रुपये फुटानं धरलं तर ३,०६,००० रुपये. ताईंच्या हिशेबात एवढंच होतं. पण भाड्यानं द्यायची तर बाहेरचा जिना आणि संडास-बाथरूम आलं. त्याचे ९०,००० धरा. झाले जवळपास ४ लाख.

भाडं किती? २,५०० धरू. वर्षाचे ३०,०००. त्यातून एक महिना खोली रिकामी राहणार, कारण भाडेकरू बदलतोच. वाढीव घरपट्टी, रंग, किरकोळ दुरुस्ती धरून अजून ३,५०० वजा. हातात राहिले २४,०००. चार लाखांवर चोवीस हजार म्हणजे ६ टक्के.

आता कर्ज बघा. ताईंचे १,६०,००० घातले, तरी २,४०,००० कमी पडतात. १० टक्के व्याजानं पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता येतो साधारण ५,१०० रुपये. भाडं २,५००. उरलेले २,६०० दर महिन्याला शिवणकामातून काढायचे. पाच वर्षं, साठ महिने. गुणाकार करा: १,५६,०००. म्हणजे ताईंनी आत्ता जेवढे साठवलेत, जवळपास तेवढेच पुन्हा एकदा साठवून त्या खोलीत घालायचे. आणि तोपर्यंत गाळ्याचं भाडं चालूच, तिसरी मशीन नाहीच.

हा गुणाकार बोर्डवर मांडला तेव्हा ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे मी भाडेकरूसाठी शिवणार का?"

दुसरा पर्याय अंगणातलं शेड. तेवढीच जागा, १८० फूट. अर्ध्या उंचीपर्यंत विटांची भिंत, वर अँगल आणि पत्रा, खाली कोबा, पुढे शटर. ७५० रुपये फुटानं १,३५,०००. बीडच्या एप्रिल-मे महिन्यात उघड्या पत्र्याखाली दुपारी कोणी बसू शकत नाही, मशीनवर तर नाहीच. म्हणून पत्र्याच्या आतून उष्णता अडवणारं अस्तर, उंची कमीत कमी दहा-अकरा फूट, आणि समोरासमोर खिडक्या. त्याचे १२,००० वेगळे. एकूण १,४७,०००. कर्ज शून्य.

गाळ्याचं भाडं वाचलं वर्षाला ३०,०००. हा झाला पहिला, सोपा हिशेब. पण तो खरा नाही! गाळा रस्त्यावर होता. घर आतल्या गल्लीत आहे. बोर्ड बघून येणारं गिऱ्हाईक तुटणार त्याचं काय? मी ताईंना महिनाभर एक काम दिलं: नवीन गिऱ्हाईक आलं की विचारायचं, "तुम्हाला कोणी सांगितलं?" आणि वहीत रेघ मारायची. महिन्याअखेर बोर्ड बघून आलेल्या निघाल्या सात. बाकी सगळ्या कुणाच्या तरी सांगण्यावरून. एका ब्लाउजमागे हातात दीडशे धरले तर महिन्याला १,०५० रुपयांचं नुकसान. ते वजा केलं तर खरी बचत महिन्याला १,४५०, वर्षाला १७,४००. म्हणजे गुंतवणुकीवर पावणेबारा-बारा टक्के. वरच्या खोलीच्या दुप्पट, तेही हप्त्याशिवाय. आणि तिसऱ्या मशीनची जागा झाली ती वेगळीच.

हाच हिशेब तुमच्याकडे उलटाही येऊ शकतो, हे लक्षात ठेवा. तुमचा धंदा चहा-नाश्त्याचा, मोबाईल दुरुस्तीचा किंवा जनरल स्टोअरचा असेल तर रस्ता सोडून घरी येणं म्हणजे धंदा बंद करणं. तिथं सातऐवजी सत्तर रेघा निघतील. मोजल्याशिवाय ठरवू नका, एवढंच माझं म्हणणं.

"किंमत डबल होते" हे कितपत खरं?

घराची किंमत म्हणजे जागेची किंमत अधिक बांधकामाची किंमत, आणि बांधकामातून दरवर्षी वयाची घट. जागा म्हातारी होत नाही, बांधकाम होतं. तालुक्याच्या गावात घराच्या किमतीचा मोठा भाग जागेचाच असतो. त्यामुळे चार लाखांची खोली बांधली म्हणून विकताना चार लाख जास्त मिळतील असं धरू नका. घेणारा माणूस जागा, रस्ता आणि पाणी बघतो, आणि पुष्कळदा मनातल्या मनात तुमचं घर पाडून स्वतःचं बांधत असतो.

मग कशानं किंमत चढते? घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून वापरता येईल अशा गोष्टींनी. आतलं संडास-बाथरूम नसलेल्या घरात ते केलं, तर फरक पडतो. बाहेरून जिना असेल तर वरचा मजला वेगळा देता येतो, त्यानं फरक पडतो. रस्त्याकडेला शटर लागेल अशी जागा असेल तर सगळ्यात जास्त. बाल्कनीच्या नक्षीनं आणि दर्शनी टाइल्सनं मालकाचं मन भरतं, किंमत चढत नाही. (यावर काही जण माझ्यावर रागावतात. रागवा.)

आणखी एक. सध्या वडवणीत कुणाशीही जागेचं बोला, रेल्वे निघतेच. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग, सप्टेंबर २०२५ मध्ये गाडी बीडपर्यंत आली, आणि पुढचा रस्ता वडवणीवरूनच परळीला जातो. आनंदाची गोष्ट आहे, पिढ्यांनी वाट बघितली. पण रेल्वेनं भाव वाढला तर तो जागेचा वाढेल, आणि जागा तर तुमच्याकडे आहेच. त्यासाठी आज कर्ज काढून खोली बांधायची गरज नाही. स्टेशनपासून तुमचं घर किती लांब आहे, रस्ता कुठून जाणार, हे दिसल्यावर ठरवायला वेळ आहे.

खाली काय आहे ते आधी बघा

आता जरा मिस्त्रीच्या भाषेत बोलू. आमच्याच घरी हा फटका बसलाय, म्हणून इथं थोडा थांबतो. जुन्या घराला लागून आम्ही एक खोली काढली होती. जुन्या भिंतीतच नवीन भिंत गुंफली, पाया दोन-अडीच फूट. पहिल्या पावसाळ्यात काही नाही. पुढच्या उन्हाळ्यात जुन्या-नव्याच्या सांध्यात बोट जाईल एवढी भेग पडली. सिमेंटनं भरली, परत पडली. दोष मिस्त्रीचा कमी, आमच्या घाईचा जास्त.

कारण काळी माती. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात भेगा बघता ना, त्याच भेगा घराखाली पडतात. बीड जिल्ह्यात एका बाजूला बालाघाटच्या डोंगररांगेचा मुरूम आणि खडक, दुसऱ्या बाजूला नदीकाठची खोल काळी. एकाच गावात दोन गल्ल्यांची जमीन वेगळी असते. म्हणून शेजाऱ्यानं किती खोल पाया घेतला यावर जाऊ नका. खड्डा करून कठीण मुरूम कुठे लागतो ते बघा, पाया तिथपर्यंत न्या, भोवती काळी माती परत न भरता मुरूम भरा. नवीन खोली जुन्या घराला गुंफू नका. मध्ये सांधा सोडा आणि वरून पट्टी लावा, म्हणजे दोन्ही घरं आपापली बसतील. घराभोवती तीन फूट कोबा करून पाणी लांब काढा, पायाजवळ मुरू देऊ नका. या शेवटच्या कामाचा खर्च सगळ्यात कमी आणि फायदा सगळ्यात जास्त, आणि नेमकं तेच लोक पैसे संपले म्हणून सोडतात.

मजला चढवायचा असेल तर प्रश्न आणखी मोठा. खालचं घर कॉलमवर उभं आहे की नुसत्या भिंतींवर? कॉलम असतील तर पाया एका मजल्याचा की दोन? घर बांधणाऱ्यानं "दोन मजल्यांचं केलंय" असं तोंडी सांगितलेलं असतं, कागद कुठेच नसतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून बघून घ्यायला काही हजार लागतात. चार लाखांच्या कामात ते वाचवू नका. आणि दगड-मातीच्या जुन्या भिंतींवर स्लॅब टाकायचा विचार तर मनातही आणू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जे झालं, त्यात जड दगडी भिंती आणि त्यांच्यावरचं मातीचं ओझं हेच जिवावर उठलं. आपण मराठवाड्यातली माणसं, हे आपल्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको.

पैसा तुमचा, जागा कुणाची?

ताईंच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी या गोष्टीची होती. पैसा त्यांचा, घर सासऱ्यांच्या नावावर, आणि दोन दीर. सासरे चांगले आहेत, दीरही चांगले आहेत. पण जमिनीवर पक्कं बांधलेलं हे जमिनीच्या मालकाचं धरलं जातं. उद्या वाटणी झाली तर ताईंच्या १,६०,००० ची वाटणी तीन घरांत होऊ शकते. भाऊबंदकी भांडणानंच सुरू होते असं नाही, कधी कधी नुसत्या विसरण्यानं सुरू होते.

घर सासऱ्यांनी स्वतः कमावलेलं असेल तर बक्षीसपत्राचा रस्ता आहे. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला, मुलीला, नातवंडांना, नवऱ्याला किंवा बायकोला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वरचे स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. यात एक मेख आहे: ही सवलत सुनेला मिळत नाही, फक्त मुलगा हयात नसेल तर त्याच्या बायकोला मिळते. म्हणजे सासऱ्यांकडून मुलाला, आणि मग मुलाकडून बायकोला, अशा दोन पायऱ्या. घर वडिलोपार्जित असेल तर एकट्या सासऱ्यांना ते देता येत नाही, तिथं सगळ्यांच्या सहीचं नोंदणीकृत वाटणीपत्र लागतं. गावातल्या वकिलाकडे एक तास बसा. हे बोलणं घरात अवघड जातं, मला माहीत आहे. पण खड्डा खोदायच्या आधी ते जितकं अवघड आहे, त्याच्या दहापट नंतर होतं.

दुसरा कागद परवानगीचा. वडवणीला आता नगरपंचायत आहे, म्हणजे ग्रामपंचायतीच्या काळासारखं "बांधा, मग बघू" चालत नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात बांधकामाची एकत्रित नियमावली आली, मुंबई आणि काही भाग वगळता ती सगळीकडे आहे. लहान प्लॉटवरच्या घरांसाठी तिच्यात प्रक्रिया सोपी केली आहे, पण सोपी म्हणजे माफ नाही. मालकीचा उतारा, परवानाधारक इंजिनिअरचा नकाशा आणि शुल्क लागतंच. पुढे शेड काढणाऱ्यांनी खास लक्ष द्या: रस्त्यापासून किती अंतर मोकळं सोडायचं ते आधी विचारा. ताईंचं अंगण वीस फुटांचं होतं म्हणून जमलं. रस्ता रुंदीकरणात जाणाऱ्या जागेवर शटर बसवलं, तर एक दिवस नोटीस येते. प्लॉट गुंठेवारीतला असेल तर आधी त्याचं नियमितीकरण बघा. त्यासाठी २००१ चा कायदा आहे, आणि नंतरच्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची प्रकरणं त्यात आली आहेत.

या कागदाचा किमतीशी थेट संबंध आहे. बँकेचा व्हॅल्युअर येतो तेव्हा तो नकाशा आणि घरपट्टीची नोंद बघतो. नोंदीत नसलेली खोली त्याच्या डोळ्यांना दिसते, पण त्याच्या रिपोर्टमध्ये येईलच असं नाही. घरपट्टी वाढेल म्हणून लोक नोंद करत नाहीत, वर्षाला काहीशे रुपये वाचवतात, आणि धंद्यासाठी तारण कर्ज घ्यायची वेळ आली की लाखाची खोली हिशेबातून गायब. सिमेंट, गज, मजुरीची बिलंही जपून ठेवा. पुढे घर विकलं तर भांडवली नफा काढताना सुधारणेचा खर्च वजा दाखवता येतो, तो बिलांवरच.

वाढणारं घर आधीच आखता येतं

ज्यांचं घर अजून व्हायचंय त्यांच्यासाठी हे. आपल्या जुन्या लोकांना हे येत होतं. घर खणांत मोजायचे, ऐपत आली की एक खण वाढवायचे. हीच कल्पना घेऊन वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात नवी मुंबईत सिडकोसाठी बेलापूरची वसाहत आखली. लोक तिला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे, घरं लहान, सात-सात घरांच्या मध्ये एक सामाईक अंगण. आणि मुख्य गोष्ट: कुठल्याही दोन घरांची भिंत एक नाही. कारण भिंत सामाईक असली की घर वाढवायला शेजाऱ्याची परवानगी लागते. आज तिथं गेलात तर मूळ बैठी घरं थोडीच उरलीत, लोकांनी दोन-तीन मजले चढवले, काहींनी पाडून नवी बांधली. वास्तुविशारदांना त्याचं वाईट वाटतं. मला उद्योजकाच्या नजरेनं वाटतं की जागा सोडली होती म्हणून वाढता तरी आलं.

आपल्याकडे याचा उपयोग घरकुलात होतो. पंतप्रधान आवास योजनेतलं ग्रामीण घरकुल कमीत कमी २५ चौरस मीटरचं, म्हणजे २७० फुटांच्या आसपास. लोक ते जागेच्या बरोबर मधोमध बांधतात, देखणं दिसावं म्हणून. मग चारही बाजूंना तीन-तीन, चार-चार फूट उरतात आणि कुठेच खोली बसत नाही. नियमात बसेल तेवढं एका कडेला सरकवा, रस्त्याकडची जागा एकत्र मोकळी ठेवा. आज तिथं शेळ्या बांधा, उद्या पिठाची गिरणी टाका. यात एक रुपयाही जास्त लागत नाही, फक्त चुन्याची फक्की टाकताना दहा मिनिटं जास्त उभं राहावं लागतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी एक वेगळी सूचना. उचल हातात आली की दसऱ्याच्या आधी पाया खोदून ठेवायचा आणि मग सहा महिने घर बंद, असं करू नका. उघडा पाया आणि उघडे गज पडून राहतात, मुरलेल्या मालाचा हिशेब लागत नाही, आणि घरी राहिलेली म्हातारी माणसं मिस्त्रीच्या मागे धावू शकत नाहीत. परत आल्यावर, पावसाळ्याच्या आधीचे दोन महिने धरून, संपेल एवढंच काम काढा.

तर ताईंचं काय झालं? मजला रद्द. आधी घरात बसून बोलणं झालं, त्याला दोन महिने लागले आणि मध्ये एकदा सगळंच मोडेल असं वाटलं. सासऱ्यांनी शेवटी स्वतःच वकिलाकडे यायचं कबूल केलं. त्यानंतर शेड. खर्च माझ्या अंदाजापेक्षा जास्त झाला, कारण शटरऐवजी ताईंनी मोठी जाळीची खिडकीही घेतली, उजेडासाठी. बरोबर केलं. मेन रोडच्या कोपऱ्यावर ओळखीच्या किराणा दुकानाबाहेर बाण दाखवणारा छोटा बोर्ड लावलाय, त्यासाठी दुकानदाराच्या घरचे ब्लाउज वर्षभर फुकट.

स्लॅबवरचे ते गज मात्र मी पहिल्याच दिवशी तारेच्या ब्रशनं घासून, सिमेंटचा घोल लावून, वर कमी सिमेंटच्या काँक्रीटनं झाकायला लावले. अर्ध्या दिवसाची मजुरी गेली. मजला पाच वर्षांनी चढवायचा की दहा, ते नंतर ठरवता येईल. गंजलेला गज मात्र थांबत नाही.

तुमच्या घराचा आकडा काढताना कुठे अडलात तर खोलीचं माप, मिस्त्रीचा दर आणि सध्याचं भाडं एवढं कळवा. पुढच्या व्हिडिओत त्यातली दोन-तीन उदाहरणं बोर्डवर सोडवून दाखवतो.